काळी खिडकी आणि काकांच्या पाळीचं पाणी

राजुरीत मी नेमकं काय काम करते हे कोणालाच माहीत नाही, आणि समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडलाय. ‘कॉम्प्युटरवर असते’ एवढ्यावर गाव समाधानी आहे. आईने मात्र पाहुण्यारावळ्यांसाठी स्वतःची व्याख्या करून ठेवलीय, “मोटारीच्या डब्यांची पुस्तकं लिहिती ती,” आणि खरं सांगायचं तर माझ्या नेमणुकीच्या पत्रातही माझं काम इतकं नेमकं लिहिलेलं नाही. पुण्यातली एक छोटी कंपनी विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला जोडायचे डबे बनवते. डब्यात सिमकार्ड असतं. घरबसल्या फोनवरून मोटार चालू करायची, बंद करायची. एकेका डीलरकडे असे ढीगभर डबे असतात, म्हणून ते कॉम्प्युटरवरूनही हाकता यावेत असा एक प्रोग्रॅम कंपनीने केला. तो कसा वापरायचा हे मी लिहिते. पुस्तक म्हणायचं, पण ते छापत नाहीत, वेबसाइटवर असतं.

या प्रोग्रॅमला बटणं नाहीत. टर्मिनल म्हणून एक काळी खिडकी असते, तिच्यात आपण हुकूम टाइप करायचा आणि खाली कॉम्प्युटर उत्तर देतो. पूर्वी मी तो हुकूम आणि ते उत्तर हाताने उचलून पुस्तकात डकवायचे. प्रोग्रॅम बदलला की खरी उत्तरं बदलायची आणि पुस्तकातली शिळी राहायची. मग एखादा डीलर फोन करून विचारायचा, “मॅडम, पुस्तकात एक अन् हितं दुसरंच. खरं कुणाचं धरू?” शेवटी साहेबांनी फर्मान काढलं की प्लगइन बसवा. या प्लगइनची गंमत अशी की पुस्तकात आपण फक्त हुकूम लिहून ठेवायचा. पान तयार होताना प्लगइन तो हुकूम स्वतः चालवतं आणि जे उत्तर येईल ते काळ्या खिडकीच्या चित्रात नीटनेटकं मांडतं. खिडकीच्या डोक्यावर लाल, पिवळा, हिरवा असे तीन ठिपके. त्या ठिपक्यांचा उपयोग शून्य, पण ते नसले तर साहेबांना जेवण गोड लागत नाही.

प्लगइन बसवणं म्हणजे एका फायलीत त्याचे नखरे लिहून ठेवणं. खिडकीची रुंदी किती, अक्षरं कुठल्या रंगाची, कुठली ओळ दाखवायची, कुठली झाकायची. या फायलीत ओळ किती जागा सोडून सुरू होते यालाही महत्त्व असतं. एक जागा कमी पडली तर सगळं पुस्तक बंद, आणि का बंद हे सांगण्याची पद्धत अशी, की नवऱ्यामुलाकडचे रुसलेत पण कशावरून ते मुलीकडच्यांनीच ओळखायचं. मी चार दिवस शिव्या घालत ती फाइल लिहिली. प्लगइनची माहितीपुस्तिका मी वाचली नव्हती असं नाही. लग्नपत्रिका वाचतो तशी वाचली होती, तारीख आणि ठिकाण. स्वतः माहितीपुस्तिका लिहून पोट भरणारी बाई दुसऱ्याची माहितीपुस्तिका वाचत नाही, हे हलवायाने दुसऱ्याची जिलबी न खाण्यासारखंच आहे.

प्लगइन हुकूम खरोखर चालवतं हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यासाठी ऑफिसातल्या एका पोराने लुटुपुटूचा स्टार्टर बनवला होता. तो नुसता प्रोग्रॅम, त्याला ना मोटार ना विहीर. त्याला म्हटलं मोटार चालू कर, की तो म्हणणार झाली चालू. माझ्या पुस्तकातले सगळे हुकूम त्याच्याकडे जातात अशी माझी समजूत होती. पण त्याआधी उन्हाळ्याच्या तोंडाला कंपनीने एक खरा डबा चाचणीसाठी माझ्याकडे पाठवला होता, आणि तो मी आमच्या विहिरीवर, वडिलांच्या मोटारीला लावला होता. फुकट मिळालेली वस्तू आमच्या घरात पडून राहत नाही. चाचणीच्या वेळी मी लॅपटॉपला त्या डब्याचा नंबर सांगून ठेवला, तो पुसायचा राहिला.

पानावर मात्र हे कुठे दिसलं नाही, कारण दिसू नये याची व्यवस्था मीच केली होती. उत्तराच्या पहिल्या ओळीत डब्याचा लांबलचक नंबर यायचा आणि खिडकीच्या बाहेर सांडायचा. ती ओळ झाकायची सोय प्लगइनमध्ये आहे हे मी शोधून काढलं, झाकली, आणि त्या दिवशी स्वतःवर इतकी खूश झाले की वारूळवाडीला जाऊन मस्तानी पिऊन आले. अधूनमधून पानावर ‘थ्री फेज नाही’ असं उत्तर यायचं. मला वाटलं, त्या पोराने काय हुबेहूब काम केलंय, लाइट गेल्याचं सोंगसुद्धा आणतो. मी त्याला शाबासकीचा मेसेजही पाठवला. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोटार चालू झाल्याचं कळायला हवं होतं. डबा तसा फोन करतोच. मोटार चालू झाली की एक बाई फोनवर गोड आवाजात तसं सांगते. पण ती बाई दुपारी अण्णा जरा आडवे झाले की हमखास बोलायची. डबा बसवल्यावर दोन दिवसांत ते वैतागले. “त्या बाईला पयलं गप कर,” म्हणाले. मी केलं.

आता विहिरीचं सांगते. विहीर आजोबांनी खणलेली, वाटणीत ती दोघा भावांत सामाईक राहिली. मोटारी दोन, एक अण्णांची, एक काकांची. पाळी एक दिवसाआड. आज आमची, उद्या काकांची. उन्हाळ्यात झरे बारीक होतात, रात्रभरात जे साचेल ते ज्याची पाळी त्याचं, आणि दुसऱ्याच्या दिवशी आपल्या मोटारीच्या बटणाकडे बघायचंसुद्धा नाही. हे कुठेही लिहिलेलं नाही. बांध कोरला, झाडाची फांदी तोडली, कोंबडी शेजारच्या कालवणात गेली, असल्या गोष्टींवर आमच्याकडे आरडाओरडा होतो आणि आठवड्यात मिटतो. पाळीचं पाणी घेतलं असं एकदा लोक म्हणाले की त्या माणसाला पुढे कोणी पंक्तीला नीट हाक मारत नाही.

काकांनी यंदा उन्हाळी टोमॅटो लावला होता. नवी रोपं, मल्चिंगचा कागद, ठिबक, सगळा जामानिमा. त्यांच्या पाळीला ते मोटार चालू करायचे आणि विहीर अपेक्षेपेक्षा खालीच. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी मोटारीने हवा ओढली. काकू म्हणाल्या उन्हाळा कडक आहे. काकांनी मात्र आमच्या पाइपला हात लावून पाहिला, तो गार लागला, म्हणजे नुकतंच त्यातून पाणी गेलं होतं. आमचा व्हॉल्व्ह त्या काळात उसाकडे सोडलेला असायचा. आमच्या भागात उसात बिबट्या आठ-आठ दिवस राहतो आणि कोणाला दिसत नाही, तिथे चार सऱ्या ओल्या झाल्या तर अण्णांना काय दिसणार? आमच्या स्वतःच्या पाळीला तर मोटार चालूच असायची, तेव्हा कोणाला वेगळं काही कळायचा प्रश्नच नव्हता, आणि काकांच्या पाळीला त्यांच्या मोटारीच्या गुरगुरीत आमच्या मोटारीचा आवाज मिसळून जायचा.

काका आमच्याकडे आले नाहीत. ते सकाळी दूध घालायला डेअरीवर गेले आणि रांगेत म्हणाले, “बाहेरचा चोर परवडला. आमचा घरातलाच हाय.” नाव घ्यायची गरज नव्हती. रांगेत त्यांच्या मागे चौथे अण्णाच उभे होते.

अण्णा घरी आले आणि किटली धुवायला बसले. ती धुऊन झाली तरी धूतच राहिले. आईने विचारलं काय झालं. “मी पानी चोरलं म्हनं,” एवढंच बोलले. माझे वडील तोंडाने फटकळ आहेत, तापट आहेत, पत्त्यात सर्रास खोटं खेळतात. पण पाण्याच्या बाबतीत या माणसाकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मला काकांचा इतका राग आला, की त्यांच्या टोमॅटोला भाव मिळू नये असं मनात आलं. मग काकूंची आठवण झाली आणि मी ते मागे घेतलं.

अण्णांनी त्याच दिवशी भावाला निरोप धाडला, की जे बोलायचं ते अंगणात येऊन बोल. पाळी काकांचीच होती. दुपारी ते स्वतःची मोटार बंद करून आले आणि ओट्यावर अण्णांपासून हातभर अंतर ठेवून बसले. आई चहा ठेवायला आत गेली. आमच्याकडे भांडण कसलंही असो, चहाशिवाय सुरू होत नाही. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसले होते. उठून जाणं बरं दिसेना, आणि साहेबांना त्या दिवशी हिरवा रंग जरा कमी भडक करून हवा होता.

“दादा, म्या काय खोटं बोलतोय का?” काका म्हणाले. “तुमचा पाइप गार व्हता. हात लावून बघितलाय.”

“तुज्या पाळीला मी वावराकडं फिरकलो पन न्हाई.”

“मंग मोटार काय पानी प्यायला आपली आपण उठती?”

“मला इचारू नको. तूच सांग डेअरीवर जाऊन.”

मी मान खाली घालून हिरवा रंग बदलला आणि फाइल सेव्ह केली. मी सेव्ह केलं की पुस्तक नव्याने तयार होतं आणि प्लगइन सगळे हुकूम पुन्हा चालवतं. पान नवं झालं. रंग छान दिसत होता.

गोठ्यामागे विहिरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये खट् झालं आणि मोटार गुरगुरायला लागली.

काकांनी बोट वर केलं. “ऐका. ही कोनाची?”

 आवाज अण्णांच्याच मोटारीचा होता, तो त्यांना लगेच ओळखू आला. त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, मग खिसे चाचपले. फोन आत चार्जिंगला होता. आई दारात चहाची गाळणी घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊजी, हे तर हितंच बसल्यात.”  काकांना भावाला पकडायचं होतं आणि भाऊ समोर रिकाम्या हाताने बसला होता.

माझ्यासमोर काळ्या खिडकीत, कमी भडक हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: मोटार सुरू. वेळ: दहा मिनिटं. ते मी कितीतरी दिवस वाचत होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा अर्थ लागला.

“अण्णा,” मी म्हटलं, “मोटार मी चालू केली.”

“तू कवा उठलीस?”

मी समजवायला लागले. प्लगइन, हुकूम, लुटुपुटूचा स्टार्टर, पुसायचा राहिलेला नंबर. दोघंही माझ्याकडे असे बघत होते, की पोरीला ऊन लागलं असावं. शेवटी मी हुकूम देऊन मोटार बंद केली. शेड गप्प झाली. काका म्हणाले, “आता लाव.” मी फाइलीत एक रिकामी जागा टाकली आणि सेव्ह केलं. खट्. मोटार चालू.

“नुस्ती जागा सोडली?” काकांनी विचारलं.

“नुसती.”

“अन् पानी आलं.” ते उठून माझ्यामागे येऊन उभे राहिले. “बंद कर. हां. परत लाव.” तीनदा झालं. चौथ्यांदा ते लाव म्हणाले तेव्हा अण्णा ओरडले, “आरं, पाळी तुजी हाय, पानी तुजं चाललंय.” मग काकांनी घाईघाईने मला थांबवलं, आणि मी त्या डब्याचा नंबर लॅपटॉपमधून कायमचा पुसला.

“म्हंजे तू रोज असं किती येळा करतीस?” काकांनी विचारलं.

“कामाच्या दिवशी? शंभरदा तरी.”

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. मग ते हसायला लागले. आईही हसली, मीही हसले, कारण बला टळली असं आम्हाला वाटलं. चहा आला. काका अण्णांच्या जवळ सरकून बसले आणि म्हणाले, “घ्या दादा. चोर तुमच्याच घरात व्हता, मी खोटं न्हाई बोललो.”

अण्णा हसले नाहीत. चहाला हातही लावला नाही. “मोटारीचं कळलं,” ते म्हणाले. “तुला मी चोर वाटलोच कसा, त्ये सांग. येकदा येऊन इचारलं पन न्हाईस. सरळ डेअरीवर.”

काका बशीत चहा ओतत होते. बशी भरली, काठावरून ओघळली, तरी ओततच राहिले.

“वाटलं,” ते हळूच म्हणाले. “म्या घेतलं व्हतं तुमच्या पाळीचं. कांदा केला व्हता त्या साली, दोन डाव. तुमी आळंदीला गेला व्हता. म्हनून वाटलं, आपण घेतलं तसं दादांनीबी घेतलं आसंल.”

आई पदर सावरत आत निघून गेली. मी लॅपटॉप मिटला. 

“म्हाईत हाय,” अण्णा म्हणाले.

“काय म्हाईत हाय?”

“तू घेतलं त्ये. आलो तवा तुजा कांदा हिरवा अन् माजा लवलेला. मला काय डोळं न्हाईत? तुजी पोरगी तवा दवाखान्यात व्हती. तुला वावरात बघायला सवड न्हवती, जळाला आसता कांदा. मी बोललो का कुठं? हिला तरी बोललो का?” हिला म्हणजे आईला. “मी घरात बोललो न्हाई, अन् तू रांगेत बोललास.”

काका चहा न पिता उठले. बशी तिथेच ठेवून, चपला हातात घेऊन, अनवाणीच अंगण ओलांडून घरी गेले. मला त्यांची दया आली, आणि सकाळी आला होता त्याहून जास्त रागही आला. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला तेव्हा कळलं.

दुपारनंतर मी प्लगइनची फाइल उघडली. हुकूम खरंच लुटुपुटूच्या स्टार्टरकडे जातात ना हे तपासलं. नंबर झाकणारी ओळ काढून टाकली. आता पानावर सगळ्यात वर डब्याचा नंबर दिसतो, लांबलचक, खिडकीच्या कडेबाहेर लोंबत. साहेबांनी फोन करून विचारलं की ते असं गबाळं का दिसतंय. मी म्हटलं राहू दे. ते म्हणाले पण का. मी म्हटलं, माझ्या घरी भांडणं होतात. त्यांनी पुढे विचारलं नाही. ते पुण्याचे आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या गाडीवर मागे बसून डेअरीवर गेले. खरा आरोपी मी होते, तेव्हा लोकांसमोर मीच सांगणार होते. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. आम्ही पोचलो तर काका आधीच तिथे, रांग सोडून बाजूला, वजनकाट्यापाशी. त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

“काल म्या हितं दादांबद्दल बोललो,” ते मोठ्याने म्हणाले. “त्ये खोटं व्हतं. दादांनी थेंब घेतला न्हाई. पोरीच्या कॉम्प्युटरनं मोटार लावली, म्या डोळ्यांनी बघितलं.” लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, आता कॉम्प्युटरलाबी पाळी ठरवून द्या. काका हसले नाहीत. “आजून हाय,” ते म्हणाले. “कांदा केला त्या साली म्याच दादांच्या पाळीचं पानी घेतलं व्हतं. दोन डाव. त्यांना म्हाईत व्हतं, अन् त्यांनी कुनाला सांगितलं न्हाई.”

हसणं थांबलं. वजन करणारा माणूस काट्याकडेच बघत राहिला. काकांनी स्वतःची किटली उचलली आणि कोणाकडे न बघता गाडीला लावून निघून गेले. अण्णांचं दूध घेतलं गेलं तेव्हा दोघातिघांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, एक जण म्हणाला, “दादा, मानलं राव तुमाला.” अण्णांनी त्याचा हात झटकून टाकला.

मला वाटलं आता तरी ते खूश असतील. त्यांचा शब्द चारचौघांत परत मिळाला होता, व्याजासकट. पण घरी पोचताच गाडी अंगणात लावली, किटल्या उतरवल्या आणि माझ्यावरच खेकसले.

“कुनी सांगितलं व्हतं त्याला त्ये दुसरं बोलायला? माजं झालं व्हतं ना मिटलं. मी एवढी वरसं तोंडातून काढलं न्हाई, अन् याला येक रात्र दम निघाला न्हाई.”

“खरंच तर बोलले ना ते,” मी म्हटलं.

“खरंच बोलला गं,” अण्णा म्हणाले. “आता लोक त्याला चोर म्हनतील.”